योगाला प्रयोगशाळेत नेणारे स्वामी कुवलयानंद

(द्वितीय वर्ष कला)

आमचे गाव आरे-वारे. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणाऱ्या सागरी रस्त्यावर एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला सुरूचे बन आणि त्यापलीकडे समुद्र. गाड्या थांबवून फोटो काढणारे पाहुणे आता बारमाही दिसतात. त्याच सुरूच्या बनात गेल्या वर्षी माझे बाबा रोज पहाटे वाळूवर पंचा अंथरून उताणे पडत आणि डोळे मिटून घेत. ते शवासन करीत होते. या लेखाचे मूळ त्या शवासनात आहे, म्हणून थोडी घरची हकीकत सांगून मग मुख्य विषयाकडे वळते.

बाबा हापूसच्या बागेत कामाला जातात. गावात झालेल्या तपासणीत त्यांचा रक्तदाब १७० वर १०४ निघाला. त्यांना काहीच त्रास होत नव्हता. डोके दुखत नव्हते, चक्कर येत नव्हती. म्हणून रोजची गोळी घेणे त्यांना जुलमाचे वाटू लागले. पुढे कोणीतरी त्यांना सांगितले की, ताणामुळे बीपी होते, ताण गेला की बीपी जाते, तेव्हा शवासन करा आणि गोळ्या समुद्रात टाका. गोळ्या त्यांनी समुद्रात टाकल्या नाहीत, फडताळात ठेवल्या. दोन महिने शवासन मात्र नेमाने केले. झोप छान लागू लागली, चिडचिड कमी झाली. आम्हा सर्वांना वाटले, झाले, गुण आला. त्या दोन महिन्यांत रक्तदाब मोजून पाहावा असे कोणालाच सुचले नाही. मलाही नाही, आणि मी तर कॉलेजात शिकते! वैशाखात आंबे उतरवण्याची घाई असताना एके दुपारी बाबा बागेतच खाली बसले आणि त्यांना उठता येईना. रत्नागिरीला नेले तेव्हा पारा १९६ वर होता. वेळेवर उपचार मिळाले, हातपाय शाबूत राहिले. देवाची कृपा!

दवाखान्यातून घरी आल्यावर बाबा फार खिन्न होते. शवासन खोटे, की आपण खोटे, असा त्यांचा प्रश्न होता. मला उत्तर देता आले नाही. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच, म्हणून घरातल्या प्रत्येक अवघड प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक असावे अशी सर्वांची समजूत आहे. मी ग्रंथालयात शोध घेऊ लागले. शवासनाने रक्तदाब उतरतो हे प्रथम कोणी म्हटले आणि कशाच्या आधारावर म्हटले, एवढेच मला हवे होते. त्या शोधात मला स्वामी कुवलयानंद भेटले. त्यांना जाऊन अर्धशतकाहून अधिक काळ लोटला, पण बाबांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या चरित्रात आहे असे मला वाटते.

कुवलयानंदांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोद्याजवळच्या डभोई या गावी एका मराठी कुटुंबात झाला. वडील शिक्षक होते. घरची स्थिती बेताचीच होती. पण मुलगा बुद्धिमान निघाला. १९०३ साली तो मॅट्रिक झाला तो संस्कृतसाठी दिली जाणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवूनच. त्या काळी ही शिष्यवृत्ती म्हणजे संस्कृतच्या विद्यार्थ्याचा मोठाच सन्मान मानला जाई. तिच्या आधाराने जगन्नाथ बडोद्याच्या महाविद्यालयात दाखल झाले.

बडोद्याचे ते दिवस भारलेले होते. अरविंद घोष तेथे अध्यापन करीत होते. पुण्याहून लोकमान्य टिळकांचे विचार सगळ्या मराठी तरुणांपर्यंत पोहोचत होते. या दोघांचाही जगन्नाथांच्या मनावर खोल परिणाम झाला. देशासाठी काहीतरी करायचे, आणि त्यासाठी लग्नसंसारात पडायचे नाही, असा निश्चय त्यांनी केला व तो जन्मभर पाळला.

१९०७ ते १९१० या काळात त्यांनी बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्याकडे व्यायामाचे शिक्षण घेतले. माणिकराव हे भारतीय व्यायामपद्धतीचे मोठे आचार्य. शरीर कमावणे ही देशसेवेची पहिली पायरी आहे ही दृष्टी जगन्नाथांना येथे मिळाली. शरीराविषयी त्यांच्या मनात कधी तुच्छता नव्हती, याचे कारण ही तालीम असावी असे मला वाटते. पुढे योगाकडे वळल्यावरही शरीर म्हणजे नाशवंत माती असे म्हणून त्यांनी ते बाजूला सारले नाही.

त्यानंतर ते खानदेशात अंमळनेरला गेले. तेथील खानदेश शिक्षण संस्थेत त्यांनी अध्यापन केले आणि १९१६ साली ते संस्थेच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. इंग्रज सरकारला या महाविद्यालयातील राष्ट्रीय वातावरण रुचले नाही आणि ते बंद पडले. तरीही १९२३ पर्यंत विद्यार्थ्यांना भारतीय संस्कृतीचे पाठ देण्याचे त्यांचे काम चालू राहिले. आपल्यासारखीच खेड्यापाड्यांतून आलेली मुले त्यांच्यासमोर बसत असतील. ती अज्ञानात आणि अंधश्रद्धेत किती खोल बुडालेली आहेत हे त्यांनी तेथे जवळून पाहिले.

याच सुमारास त्यांच्या जीवनाला कलाटणी मिळाली. १९१९ साली नर्मदेच्या तीरावर, मालसर येथे राहणाऱ्या परमहंस माधवदास महाराजांची व त्यांची गाठ पडली. माधवदास मूळचे बंगालचे. हिमालयापासून सारा देश फिरून ते वृद्धपणी मालसरला स्थिर झाले होते. त्यांनी जगन्नाथांना योगाची दीक्षा दिली. आसने, बंध, प्राणायाम यांचा अभ्यास सुरू झाला आणि जगन्नाथ गुणे यांचे स्वामी कुवलयानंद झाले.

आपल्याकडे साधकांच्या गोष्टी बहुधा येथेच संपतात. गुरू भेटले, अनुभव आला, शंका मिटली. कुवलयानंदांच्या बाबतीत मात्र शंका येथूनच सुरू झाली. योगाने आपल्या शरीरात आणि मनात बदल होतो आहे हे त्यांना जाणवत होते. परंतु तो बदल नेमका कोणता, कोठे होतो, किती होतो, आणि तो केवळ आपल्यालाच जाणवतो की दुसऱ्यालाही मोजून दाखवता येतो, असे प्रश्न त्यांना पडले. गुरूंवर त्यांची अपार श्रद्धा होती. तरीही प्रश्न विचारल्याने त्या श्रद्धेला बाधा येते असे त्यांना वाटले नाही. हे वाचताना मी थांबले. आमच्याकडे प्रश्न विचारणे म्हणजे उलट बोलणे समजतात. गुरूला मान देऊनही त्याच्या विद्येची परीक्षा घेता येते, हे मला नवीन होते.

१९२० च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काही विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन प्रयोग सुरू केले. उड्डियान आणि नौली या क्रियांत पोटाच्या आत काय घडते, हे पाहण्यासाठी त्यांनी क्ष-किरण वापरले. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणजे तेथे अंशतः निर्वात निर्माण होते, हे त्यांनी दाबमापकाने दाखवून दिले. योगी नौली करून पाणी आत कसे ओढून घेतात, याचा उलगडा त्यामुळे झाला. या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले. शिष्याने गुरूला वाहिलेली अशी दक्षिणा मी तरी दुसरी ऐकलेली नाही.

१९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम या आश्रमाची स्थापना केली. आश्रम म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर झाडे, गायी आणि भगवी वस्त्रे येतात. या आश्रमात प्रयोगशाळाही होती. त्याच वर्षी त्यांनी योगमीमांसा हे इंग्रजी नियतकालिक सुरू केले. त्यात योगाचे तत्त्वज्ञान असे, आसनांची चित्रे असत आणि प्रयोगांचे आकडे व कोष्टकेही असत. सर्वांगासन, मत्स्यासन यांसारखी आसने करताना रक्तदाबात काय फरक पडतो, याची मोजणी योगमीमांसाच्या सुरुवातीच्या खंडांतच आलेली आहे.

स्वामींची सचोटी त्यांच्या प्राणायामावरील प्रयोगांत दिसते. प्राणायामाने नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्राणवायू शरीरात जातो, असे तेव्हाही सांगितले जाई आणि आजही सांगितले जाते. स्वामींनी ते मोजले आणि ही समजूत खरी नसल्याचे त्यांना आढळले. प्राणायामाचा लाभ आहे, पण तो या कारणाने नव्हे, त्याचे मुख्य कार्य मज्जासंस्थेवर आणि मनावर होते, असे मत त्यांनी मांडले. योगाची बाजू घेऊन उभा राहिलेला मनुष्य योगाच्या बाजूचाच एक लाडका समज खोडून काढतो, याला धैर्य लागते.

त्यांची कीर्ती दूरवर पसरली. मूळचे केरळातील आणि अमेरिकेतील येल विद्यापीठात मानसशास्त्राचे संशोधन करणारे के. टी. बेहनान १९३० नंतरच्या काळात त्यांच्याकडे येऊन योग शिकले आणि १९३७ साली त्यांनी योगाची शास्त्रीय चिकित्सा करणारे पुस्तक प्रसिद्ध केले.

महात्मा गांधींचा प्रसंग तर आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. मार्च १९२७ मध्ये दौऱ्यावर असताना कोल्हापूर मुक्कामी गांधीजींची प्रकृती एकाएकी बिघडली. रक्तदाब फार वाढला होता. दौरा थांबवून त्यांना विश्रांतीसाठी प्रथम आपल्या कोकणातल्या आंबोलीला आणि नंतर म्हैसूर संस्थानातील नंदी टेकडीवर नेण्यात आले. त्या काळात कुवलयानंद आणि गांधीजी यांचा पत्रव्यवहार झाला. स्वामींच्या सल्ल्याने गांधीजींनी शवासन आणि काही आसने करून पाहिली व त्याचा अनुभव ते स्वामींना कळवीत राहिले. गांधीजी स्वतःच मोठे प्रयोगशील, त्यामुळे दोघांचे जमले यात नवल नाही. मात्र या उपायाने गांधीजींचा रक्तदाब कायमचा गेला असे झाले नाही. पुढेही, विशेषतः १९३७-३८ च्या सुमारास, तो त्यांना पुन्हा त्रास देत राहिला.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. १९२७ साली उच्च रक्तदाबावर भरवशाचे असे औषधच जगात नव्हते. विश्रांती घ्या, मीठ कमी करा, एवढेच डॉक्टरांना सांगता येई. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्याच वनस्पतीचा रक्तदाबावर होणारा गुण १९४९ साली शास्त्रीय रीतीने जगापुढे मांडला. त्यानंतर एकामागून एक औषधे येत गेली. तेव्हा गांधीजींपुढे गोळी की शवासन अशी निवडच नव्हती. माझ्या बाबांपुढे दोन्ही होती, आणि त्यांतले एक सोडलेच पाहिजे असे त्यांना कोणीतरी पटवले होते.

स्वामींनी योग केवळ आश्रमात ठेवला नाही. अलिबागजवळ कनकेश्वरला त्यांनी शाखा काढली. १९३२ साली मुंबईत सांताक्रूझला केंद्र सुरू केले आणि १९३६ साली ते मरीन ड्राइव्हवर ईश्वरदास चुनीलाल यौगिक आरोग्य केंद्र म्हणून स्थिर झाले. रोग होऊ नयेत म्हणून आणि झालेले आटोक्यात यावेत म्हणून, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. शाळेतील मुलांना एकत्र करता येतील असे यौगिक व्यायाम त्यांनी बसवले. १९४३ साली राजकोटला शाखा निघाली. १९५१ साली लोणावळ्याला योगाचे महाविद्यालय निघाले आणि १९६१ साली जुनाट विकारांसाठी यौगिक रुग्णालय सुरू झाले. १८ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, स्वामींनी देह ठेवला.

माणूस गेला की त्याचे काम संपते, असे आपण म्हणतो. स्वामींनी पेरलेले एक बी मात्र त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी उगवून आले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी आपल्या सहकाऱ्यांसह उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवले. त्यांचे एक सहकारी डॉ. विणेकर हे कैवल्यधामचे होते. रोज अर्धा तास उताणे पडायचे, अंग सैल सोडायचे, पोटाने संथ श्वास घ्यायचा आणि लक्ष नाकपुड्यांशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर ठेवायचे, असा हा अभ्यास होता. १९६९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना एकही औषध चालू नव्हते अशा रुग्णांचा मध्यम दाब, म्हणजे वरच्या व खालच्या आकड्यांच्या दरम्यानचा दाब, सरासरी १३४ वरून १०७ पर्यंत उतरला. औषध चालू असलेल्यांपैकी कित्येकांची मात्रा बरीच कमी करता आली. पण सर्वांनाच गुण आला नाही. निश्चित लाभ झाला तो सुमारे ५२ टक्के रुग्णांना.

हा आकडा मी बाबांना दाखवला. शंभरातल्या बावन्नांना गुण, अठ्ठेचाळीसांना नाही. आपण कोणत्या बाजूचे, हे यंत्राने मोजल्याशिवाय कळायचे कसे? आणि ज्यांना गुण आला त्यांच्याही गोळ्या डॉक्टरांनी दाब मोजत मोजत उतरवल्या होत्या, कोणी आपल्या मनाने फडताळात ठेवल्या नव्हत्या.

ताणाचा आणि रक्तदाबाचा संबंध कसा, हेही मी समजून घेतले. आपण घाबरलो, रागावलो किंवा घाईत सापडलो की मेंदूकडून मज्जातंतूंमार्फत निरोप जातात. ॲड्रेनॅलिन रक्तात मिसळते, हृदय जोरात धडधडू लागते, बारीक रोहिण्या आवळतात आणि रक्ताचा दाब चढतो. संकट टळले की तो उतरतो. पण ज्याला रोजच संकट, त्याचा दाब उतरायला फुरसतच मिळत नाही. शवासनात स्नायू सैल पडतात, श्वास संथ होतो, मेंदूकडे जाणारी चेतना कमी होते आणि ही साखळी ढिली पडते. त्याचा पडताळा इंग्लंडमध्ये मिळाला. तेथे वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या डॉ. चंद्रा पटेल यांनी यौगिक शिथिलीकरण, ध्यान आणि शरीरातील बदल त्याच क्षणी दाखवणारी उपकरणे यांचा मेळ घातला. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका चाचणीत शिकवलेल्या गटाचा दाब सरासरी १६८ वर १०० होता, तो १४१ वर ८४ झाला. न शिकवलेल्या गटाचा फारच थोडा उतरला. त्याच वर्षी त्यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. बत्तीस रुग्णांना सहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा ताण देण्यात आला. एकदा शारीरिक श्रमाचा आणि एकदा बर्फासारख्या थंड पाण्यात हात बुडवण्याचा. शिथिलीकरण शिकलेल्यांचा दाब दुसऱ्या वेळी कमी चढला आणि चढलेला लवकर उतरला. ताण कोणालाच चुकत नाही, पण त्यातून सावरण्याची ताकद शिकून घेता येते, असा याचा अर्थ.

मला वाटते, बाबांच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. शवासन खोटे नव्हते आणि बाबाही खोटे नव्हते. चूक झाली ती न मोजता विश्वास ठेवण्याची. उच्च रक्तदाब बहुधा आतल्या आत वाढतो, तो अंगाला कळत नाही. बरे वाटणे आणि बरे होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. योगाच्या नावाने गोळ्या सोडायला सांगणाऱ्यांनी स्वामींचे नुसते आसन उचलले, त्यांची मोजपट्टी मात्र घेतली नाही. आणि योग म्हणजे सारे थोतांड म्हणणाऱ्यांनी तरी ती मोजपट्टी कोठे लावून पाहिली आहे?

२०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून साजरा होतो. आपल्या महाविद्यालयातही पटांगणावर सतरंज्या अंथरल्या जातात. त्या दिवशी आपण सारे हात वर करतो, फोटो निघतात. तेव्हा कोणीतरी उभे राहून कुवलयानंदांची ही प्रयोगशाळेची गोष्टही सांगावी असे मला मनापासून वाटते. आपल्यापैकी पुष्कळजण माझ्यासारख्याच घरांतून येतात. घरी श्रद्धा असते, वर्गात शास्त्र असते, आणि एस.टी.त बसले की आपण एकीकडून दुसरीकडे जातो. या दोहोंपैकी एकाला निरोप द्यावा लागतो की काय, अशी भीती मला वाटत असे. स्वामींनी दोन्ही एकाच छपराखाली, लोणावळ्याच्या त्या आश्रमात नांदवून दाखवली.

बाबा आता रोज सकाळी गोळी घेतात आणि मग शवासन करतात. सुरूच्या बनात आता पहाटेपासून वर्दळ असते, म्हणून ओटीवरच चटई टाकतात. दर रविवारी मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधते आणि आकडा वहीत लिहिते. मागच्या रविवारी तो १३८ वर ८८ होता, त्याच्या आधीच्या रविवारी १४६ वर ९२. यात गोळीचा वाटा किती आणि शवासनाचा किती, हे आम्हाला सांगता येत नाही. दर महिन्याला वही घेऊन बाबा डॉक्टरांकडे जातात, डॉक्टर ती पाने उलटून पाहतात आणि मगच काय ते ठरवतात. या वहीच्या पहिल्या पानावर आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मी श्री लिहिले आहे. त्याखाली स्वामी कुवलयानंदांचे नाव लिहिले आहे. त्यांच्या स्मृतीला माझे विनम्र अभिवादन.